‘स्पॅनिश येणे आवश्यक’ : अमेरिकेतील पहिली नोकरी, भाषेची अट आणि स्थलांतर

शेवंती (ह्यूस्टन परिसर)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे आणि तो विचारताना माझा मलाच संकोच वाटतो आहे, तरी विचारते.

आम्ही एकवीस वर्षांपूर्वी पुण्याहून ह्यूस्टनला आलो. माझी मुलगी इथेच जन्मली. ती आता एकोणीस वर्षांची आहे, कम्युनिटी कॉलेजात शिकते आणि गेले दोन महिने अर्धवेळ नोकरी शोधते आहे. दवाखान्याचे फ्रंट डेस्क, औषधांच्या दुकानातला काउंटर, बँकेतली टेलरची जागा, शाळेचे कार्यालय अशा ठिकाणी तिने अर्ज केले. परवा तिच्याबरोबर बसून मी तिने जपून ठेवलेल्या चौदा जाहिराती वाचल्या, तेव्हा त्यांपैकी नऊ जाहिरातींत ‘द्विभाषिक, इंग्रजी व स्पॅनिश’ असे लिहिलेले आढळले. पाचांत ‘आवश्यक’ आणि चारांत ‘प्राधान्य’. घरात मराठी, बाहेर इंग्रजी आणि शाळेत तीन वर्षे शिकलेली स्पॅनिश एवढी शिदोरी असूनही या हिशेबात ती एकभाषिक ठरते, याचे तिला हसू येते आणि मला वाईट वाटते.

गेल्या आठवड्यात एका दातांच्या दवाखान्यात तिची मुलाखत झाली. व्यवस्थापक बाईंनी मध्येच स्पॅनिशमध्ये विचारले की, रुग्णाच्या विम्याची मुदत संपली आहे आणि तो चिडलेला आहे, तर त्याला काय सांगशील? मुलीला प्रश्न कळला, पण उत्तर जुळवता आले नाही. ती जागा तिच्याच वर्गातल्या एका मुलीला मिळाली, जिचे आईवडील होंडुरासहून आलेले आहेत. मुलगी गुणी आहे, तिच्याविषयी मनात काही नाही. मात्र तिलाही जाहिरातीत लिहिलेलाच मोबदला मिळतो, तासाला पंधरा डॉलर. दुसऱ्या भाषेचे म्हणून वेगळे काही नाही.

शेजारच्या आजी म्हणतात की, त्यांच्या नातवाला हॉटेलच्या स्वयंपाकघरातही कोणी घेत नाही, कारण तिथले सगळे काम स्पॅनिशमध्ये चालते. आमच्या घरात यावर वाद झाला. ह्यांचे म्हणणे असे की, आपणच बाहेरून आलेलो, तेव्हा बाहेरून आलेल्यांमुळे आपल्या मुलीला नोकरी नाही असे म्हणणे आपल्या तोंडी शोभत नाही. शोभत नाही हे मला मान्य आहे, परंतु शोभत नाही म्हणून ते खोटे ठरते का? अशी अट घालणे कायदेशीर आहे का, स्थलांतरामुळे इथल्या मुलांची सुरुवातीची कामे खरोखर कमी होतात का आणि मुलीने आता काय करावे, यांविषयी माहीतगारांनी लिहावे. राजकीय पक्षांवरची मते कृपया नकोत, ती घरीच पुरेशी ऐकायला मिळतात.

दवाखानेवाला (डॅलस)

शेवंतीताई, मी एका मोठ्या दवाखान्याचे कार्यालय बारा वर्षे सांभाळतो आहे आणि अशा जाहिराती स्वतः लिहिलेल्या आहेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो.

अट कायदेशीर असू शकते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण पंधरा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला वंश, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. त्या यादीत ‘भाषा’ नाही. मात्र भाषेच्या आडून मूळ देशाची निवड होत असेल तर तो भेदभाव ठरतो. म्हणून ‘कामासाठी स्पॅनिश बोलता येणे आवश्यक’ असे लिहिता येते, पण ‘मातृभाषा स्पॅनिश असलेलाच हवा’ असे लिहिणारा मालक संकट ओढवून घेतो. आडनाव पाहून ‘हिला येत असणार’ आणि ‘हिला येत नसणार’ असे ठरवणेही तितकेच चुकीचे. तुमच्या मुलीला प्रत्यक्ष स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारला गेला. ऐकायला कठोर वाटेल, परंतु तिची परीक्षा झाली ही त्यातली योग्य गोष्ट आहे.

आता ही अट येते कुठून, ते पाहा. टेक्सासमध्ये चारांतल्या एकाहून अधिक लोकांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते. शिवाय सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांवर २०१० च्या आरोग्यविमा कायद्याच्या कलम १५५७ चे बंधन आहे : इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला भाषेची मदत विनामूल्य दिली पाहिजे, त्याला स्वतःचा दुभाष्या आणायला सांगता येत नाही आणि आणीबाणीचा प्रसंग सोडला तर त्याच्या लहान मुलाकडून भाषांतर करून घेता येत नाही. पूर्वी नऊ-दहा वर्षांची मुले आईच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची माहिती तिला समजावून सांगत असत, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. ते थांबले हे चांगलेच झाले. २००० साली क्लिंटन यांनी काढलेला भाषा-साहाय्याचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये, इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणाऱ्या आदेशाने रद्द झाला. कलम १५५७ मात्र संसदेने केलेल्या कायद्याचा भाग आहे, ते एका आदेशाने जात नाही.

कायद्याला हवा आहे तो पात्र दुभाष्या. फोनवर किंवा पडद्यावर मिनिटाच्या दराने तो मिळतो. मालक करतात असे की, त्या मिनिटांचे पैसे वाचवण्यासाठी फ्रंट डेस्कवरच्या मुलीलाच स्पॅनिश यावी अशी अट घालतात. जाहिरातीत मागतात द्विभाषिक आणि राबवून घेतात दुभाष्या म्हणून. मीही हे केलेले आहे. त्या मुलीला स्वतःचे काम उरकायचे असतेच, वर दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी तिला आत बोलावते. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीचे पंधरा डॉलर हे दोन कामांचे आहेत, हे तिला कुणीतरी सांगायला हवे.

आकडेमोड (न्यू जर्सी)

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. लांबेल.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला वाद मायामीचा आहे. १९८० च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबातल्या मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० माणसे बोटींनी फ्लोरिडात आली आणि मायामीतली कामकऱ्यांची संख्या काही महिन्यांत सुमारे सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मायामीची तुलना अटलांटा, लॉस एंजेलिस, टॅम्पा आणि तुमच्या ह्यूस्टनशीही केली आणि कमी शिकलेल्या स्थानिकांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर जवळजवळ काहीच परिणाम दिसत नाही असा निष्कर्ष काढला. पुढे २०२१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात श्रमबाजारावरच्या अशा अभ्यासांचा मोठा वाटा होता. जॉर्ज बोरहास, जे स्वतः लहानपणी क्यूबातून आलेले आहेत, त्यांनी तोच प्रसंग पुन्हा तपासला. शालान्त शिक्षण पूर्ण न केलेल्या, हिस्पॅनिक नसलेल्या पुरुषांपुरते पाहिले तर त्यांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरली, असे त्यांचे म्हणणे. त्यावर मायकल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी दाखवले की, बोरहास यांनी ज्या पाहणीचे आकडे वापरले, तिच्या नमुन्यात १९८० नंतर कमी मजुरी मिळणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाणच वाढलेले होते, त्यामुळे सरासरी खाली आलेली दिसते. वाद अजून मिटलेला नाही. पण भांडण कशावर आहे ते पाहा : सगळ्या स्थानिकांवर नाही, तर शिक्षणाच्या अगदी तळाच्या एका लहान गटावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २०१६ चा जाडजूड अहवालही तेच सांगतो. दहा वर्षांहून अधिक काळाचा विचार केला तर एकूण मजुरीवरचा परिणाम फार थोडा. झळ बसलीच तर ती आधी आलेल्या स्थलांतरितांना आणि शालान्त शिक्षण न झालेल्या इथल्या लोकांना. नव्या माणसाची पहिली स्पर्धा त्याच्याआधी आलेल्या माणसाशीच असते, ही गोष्ट वादात क्वचितच निघते.

आता तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध. जोव्हानी पेरी आणि चॅड स्पार्बर यांनी २००९ मध्ये असे मांडले की, कमी शिकलेले स्थलांतरित अंगमेहनतीच्या कामांत शिरतात तेव्हा तितकेच शिकलेले स्थानिक लोक बोलण्याच्या कामांकडे सरकतात : काउंटर, देखरेख, गिऱ्हाइकांशी व्यवहार. इंग्रजी ही त्यांची पुंजी असते आणि या सरकण्यामुळे मजुरीतला तोटा बराचसा भरून निघतो. हे मला पटते. पण शेवंतीताईंच्या चौदा जाहिराती वाचल्यावर मला त्या मांडणीची दुसरी बाजू दिसली. स्थानिकांनी ज्या दाराने बाहेर पडायचे, त्याच दारावर आता दुसऱ्या भाषेची पाटी लागलेली आहे, निदान ह्यूस्टन, मायामी, लॉस एंजेलिस अशा शहरांत. मायामी-डेड परगण्यात तर दोन तृतीयांश लोक घरी स्पॅनिश बोलतात. तिथे ही कुरबूर नवी नाही. १९७३ मध्ये परगण्याने स्वतःला द्विभाषिक जाहीर केले, १९८० च्या नोव्हेंबरात, म्हणजे बोटी आल्या त्याच वर्षी, मतदारांनी ते उलटवून केवळ इंग्रजीचा ठराव केला, आणि १९९३ मध्ये तोही रद्द झाला. ठराव आले आणि गेले, काउंटरवर मात्र स्पॅनिश बोलणाऱ्याची गरज त्या तेरा वर्षांत एका दिवसासाठीही कमी झाली नाही.

जाहिरातींची वाढ खरी आहे. ‘न्यू अमेरिकन इकॉनॉमी’ या संस्थेच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे द्विभाषिक उमेदवार मागणाऱ्या ऑनलाइन जाहिराती २०१० मधल्या सुमारे २,४०,००० वरून २०१५ मध्ये सुमारे ६,३०,००० वर गेल्या. ही संस्था स्थलांतराच्या बाजूची होती हे लक्षात ठेवून वाचावे, आणि त्या काळात जाहिराती एकंदरीतच कागदावरून इंटरनेटवर आल्या हेही. मोबदल्याचे चित्र मात्र इतके उजळ नाही. आल्बर्ट सैझ आणि एलेना झोइडो यांना पदवीधरांमध्ये परकीय भाषेचा फायदा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आढळला, आणि स्पॅनिशचा जर्मनपेक्षा कमी. कारण उघड आहे. जी भाषा शहरातल्या लाखो मुलांना आईकडून फुकट मिळालेली असते, तिचे वेगळे पैसे मालक कशाला मोजेल?

राहता राहिली मुले. किशोरवयीनांवर परिणाम होतो, असे ख्रिस्तोफर स्मिथ यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसते आणि तो प्रौढांवरच्या परिणामापेक्षा मोठा आहे. मोठा माणूस दुसऱ्या कामाकडे सरकू शकतो. सोळा वर्षांचा मुलगा सरकत नाही, तो काम शोधणेच सोडून देतो. तरीही सगळे खापर स्थलांतरावर फोडता येत नाही. १९७९ च्या सुमारास इथल्या १६ ते १९ वयाच्या शंभरांपैकी अठ्ठावन्न मुले काम करत किंवा शोधत होती आणि गेल्या पंधरा वर्षांत हा आकडा पस्तिसाच्या आसपास घोटाळतो आहे. त्या काळात उन्हाळी वर्ग वाढले, कॉलेजप्रवेशाची धावपळ वाढली आणि ‘अभ्यास कर, नोकरी नंतर’ म्हणणारे आईबाप वाढले. त्यांत आपण मराठी आईबाप आघाडीवर आहोत, हे कबूल करायला हरकत नाही.

गवंडी (फिनिक्स)

आकडेमोड यांचे लेखन नेहमीप्रमाणे नेटके आहे, परंतु सरासरीत आजींचा नातू हरवला. मी बांधकामाच्या व्यवसायात आहे, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो.

छप्पर घालणारी टोळी, भिंतीचे पत्रे ठोकणारी टोळी, हॉटेलचे स्वयंपाकघर : इथे जाहिरात नसतेच. सोमवारी एक माणूस कमी पडला की मुकादम विचारतो आणि मंगळवारी कुणाचा तरी मेहुणा हजर होतो. सूचना, शिव्या, विनोद, ‘वाकू नकोस, तार आहे’ हा इशारा, सगळे एका भाषेत. अशा टोळीत इंग्रजीच येणारा मुलगा घेतला तर त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते आणि तार असेल तेव्हा दोनदा सांगायला वेळ नसतो. म्हणून मुकादम त्याला घेत नाही. कुणी कुणाचा द्वेष करत नाही, आणि तरीही नातवाला त्या जागेची बातमीसुद्धा पोहोचत नाही. आपल्या संगणकवाल्यांच्या ‘रेफरल’ने होणाऱ्या भरतीत याहून वेगळे काय घडते?

मात्र ‘स्थलांतर थांबवा म्हणजे मुलांना कामे मिळतील’ हेही मी मानत नाही, कारण तो प्रयोग एकदा झालेला आहे. मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणण्याची ‘ब्रासेरो’ योजना १९४२ पासून चालू होती, ती १९६४ अखेर बंद केली. पुढच्या उन्हाळ्यात मजूरमंत्री विलर्ड वर्ट्झ यांनी त्या जागी शाळांतले वीस हजार खेळाडू शेतात पाठवण्याची टूम काढली. प्रत्यक्षात साडेतीन हजारांच्या आतच मुले गेली, त्यांतलीही बरीच ऊन आणि राहण्याची सोय पाहून परत फिरली. आणि योजना बंद झाल्यामुळे इथल्या शेतमजुरांची मजुरी वाढली का, हे क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा ती वाढलेली आढळली नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडणारी यंत्रे घेतली.

सेंट लॉरेन्सकाठचा (माँट्रियल)

आमच्याकडे हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवलेला आहे, तो सांगण्यासारखा आहे.

कॅनडातल्या आमच्या क्युबेक प्रांताचा १९७७ चा फ्रेंच भाषेचा कायदा, ज्याला सगळे ‘कायदा १०१’ म्हणतात, त्याच्या ४६ व्या कलमानुसार मालकाला फ्रेंचखेरीज दुसऱ्या भाषेची अट घालता येत नाही. कामाच्या स्वरूपाला ती खरोखर लागत असेल तरच घालता येते. २०२२ च्या ‘कायदा ९६’ने ते आणखी आवळले. आता मालकाने आधी त्या कामाची भाषिक गरज प्रत्यक्ष तपासलेली असली पाहिजे, आहेत त्या कर्मचाऱ्यांना येणाऱ्या भाषांवर भागत नाही हे पाहिलेले असले पाहिजे, आणि अशी अट असलेल्या जागा शक्य तितक्या कमी ठेवल्या पाहिजेत. शिवाय जाहिरातीतच अटीचे कारण लिहावे लागते. नोकरी नाकारली गेलेला उमेदवार तक्रार करू शकतो.

गंमत अशी की, याचा लाभ व्हावा अशी अपेक्षा होती ती इंग्रजी न येणाऱ्या फ्रेंच भाषकांना. आपल्यासारखा, इंग्रजी घेऊन आलेला माणूस मात्र पहिल्या दिवसापासून बाहेरच उभा राहतो. मी संगणकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन आलो आणि पहिले आठ महिने गोदामात खोकी लावली, कारण गोदामात बोलावे लागत नाही. संध्याकाळी सरकारी फ्रेंचचा मोफत वर्ग, सकाळी खोकी. तेव्हा फार चडफड झाली. आता वाटते, निदान नियम काय आहे ते तरी लिहिलेले होते.

कॅनडाच्या संघराज्य सरकारची पद्धत आणखी काटेकोर आहे. प्रत्येक पदाला ठरवून दिलेले असते की ते इंग्रजीचे, फ्रेंचचे, दोहोंपैकी कोणत्याही एकाचे की दोन्हींचे, आणि द्विभाषिक पद असेल तर वाचन, लेखन व बोलणे यांना क, ख, ग अशा पायऱ्या आणि परीक्षा असतात. भाषेचा भत्ताही आहे, वर्षाला आठशे डॉलर. तो १९७० च्या दशकात ठरला आणि अजून तेवढाच आहे, तेव्हा त्यात आता दोन महिन्यांचा किराणाही नीट येत नाही. पण दुसरी भाषा हे वेगळे काम आहे एवढे त्यातून मान्य झाले. तुमच्याकडे एका वाक्यात ‘द्विभाषिक आवश्यक’ म्हटले की संपले; नमस्कार-चमत्कारापुरती भाषा हवी की विम्याचा तंटा सोडवण्याइतकी, ते मुलाखतीत कळते.

दवाखानेवाला (डॅलस)

माँट्रियलकरांचा मुद्दा योग्य आहे. भत्ता टेक्सासमध्येही काही शहरे आणि पोलीस दले देतात, खासगी दवाखाने क्वचित. आणि भत्ता नसेल तर भाषा येणाऱ्याचेच नुकसान कसे होते याचा दाखला आमच्याच राज्यातला आहे. हिस्पॅनिक एफबीआय अधिकाऱ्यांनी मॅट पेरेझ यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्याच खात्यावर दावा लावला होता. स्पॅनिश येते म्हणून त्यांना वर्षानुवर्षे चोरून ऐकलेले फोन टिपून घेण्याच्या कामाला जुंपत, ज्याला ते आपसांत ‘टाको सर्किट’ म्हणत, आणि तपासाची मोठी कामे न मिळाल्याने त्यांची बढती अडे. टेक्सासमधल्या न्यायालयाने १९८८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा शेवंतीताई, तुमच्या मुलीला ती जागा मिळाली नाही आणि मैत्रिणीला मिळाली, यात मैत्रीण जिंकली असे मी लगेच म्हणणार नाही.

मुलीने काय करावे, ते थोडक्यात. ‘प्राधान्य’ लिहिलेल्या चारही ठिकाणी तिने अर्ज करावा आणि स्वतःहून विचारावे की, दिवसातल्या किती संभाषणांना स्पॅनिश लागते. उत्तर ‘दहातली दोन’ असे आले तर तेवढ्यापुरती फोनवरच्या दुभाष्याची सोय आहे का, हेही विचारावे. अर्जात स्पॅनिशपुढे ‘येते’ असे न लिहिता ‘वेळ ठरवणे, पत्ता व विम्याची माहिती घेणे एवढे बोलता येते’ असे लिहावे. माझ्यापुढे असा अर्ज आला तर मी तिला बोलावीन, कारण ‘अस्खलित’ लिहून येणाऱ्यांपैकी निम्म्यांना विम्यातल्या ‘वजावटीची रक्कम’ यासाठी शब्द सापडत नाही.

शेवंती (ह्यूस्टन परिसर)

सर्वांचे आभार. घरी हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. ‘आधी आलेल्याची स्पर्धा नंतर आलेल्याशी’ या वाक्यावर हे काही बोलले नाहीत, चहा घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

मुलीने ‘प्राधान्य’वाल्या दोन ठिकाणी फोन केले. एका औषधांच्या दुकानातून सांगितले की, आमच्या या शाखेत स्पॅनिशपेक्षा व्हिएतनामी जास्त लागते, जाहिरातीचा मजकूर मुख्य कार्यालयातून सगळ्या शाखांना एकच येतो. बेलेअर बुलेव्हार्डवरच्या पाट्या रोज बघूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते. तिथे शनिवारी तिची मुलाखत आहे. दुसऱ्या ठिकाणाहून अजून उत्तर नाही.

मैत्रिणीला मी ते दोन कामांचे सांगितले. ती म्हणाली, ‘आंटी, मला माहीत आहे, पण पहिल्याच महिन्यात कसे विचारू?’ तिने ऑगस्टमध्ये विचारायचे ठरवले आहे. तोवर आत किती वेळा बोलावले ते ती फोनमध्ये टिपून ठेवते आहे. काल अकरा वेळा.